इंजिनचा दिवा लुकलुकतोय? आधी ॲक्सिलेटर सोडा

डॅशबोर्डवर इंजिनाचं चित्र असलेला एक पिवळा दिवा असतो. चावी फिरवली की लागतो, गाडी सुरू झाली की विझतो. चालत्या गाडीत तो नुसता लागून राहणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. नव्याने गाडी घेणाऱ्याला हा फरक सहसा कोणी सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लागून राहिलेला दिवा म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने काहीतरी बिघाड नोंदवून ठेवला आहे. गाडी नीट चालत असेल तर दोन-चार दिवसांत दाखवली तरी बहुधा चालतं. लुकलुकणारा दिवा म्हणजे नुकसान आत्ता सुरू आहे. दारव्हा, घाटंजी, मेहकर, कुरखेडा अशा तालुक्यांतल्या गावात राहणाऱ्याला कंपनीचं सर्व्हिस सेंटर लांब पडतं. मग पहिला विचार येतो, "तिथपर्यंत तशीच नेऊ, मग बघू." सगळ्यात महाग हाच विचार पडतो. दोन-तीन हजारांच्या कॉईलवर (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा भाग) निभावलं असतं ते काम तेवढ्या रस्त्यात दहापट होऊन बसतं.

आत नेमकं काय होतं

पेट्रोल गाडीत तीन किंवा चार सिलेंडर असतात. प्रत्येकात पेट्रोल आणि हवा जाते, प्लग ठिणगी टाकतो, स्फोट होतो आणि क्रँकला, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याला, धक्का बसतो. एखाद्या सिलेंडरमध्ये स्फोट झालाच नाही किंवा अर्धवट झाला, तर त्याला मिसफायर म्हणतात. आपल्याकडचे मिस्त्री म्हणतात, "गाडी मिसिंग मारून राहिली." गाडी थडथडते, पिकअप जातो, सायलेन्सरमधून फटफट असा तुटक आवाज येतो, कधी कच्च्या पेट्रोलचा वास येतो. कॉम्प्युटरला हे कळतं ते क्रँकच्या वेगावरून. एक धक्का चुकला की क्रँक क्षणभर मंदावतो आणि तिथला सेन्सर ते टिपतो.

न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने बाहेर निघतं. वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागतो. सिरॅमिकची मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा पातळ थर. एरवी तो साधारण ४०० ते ८०० अंशांवर काम करतो. कच्चं पेट्रोल त्यात जाऊन जळायला लागलं की तापमान १००० अंशांच्या वर जाऊ शकतं. जाळी वितळते, तुकडे पडतात, वाट तुंबते. मिसफायर इतके वाढले की कन्व्हर्टरला धोका आहे, असं कॉम्प्युटरला दिसलं की तो दिवा लुकलुकवतो.

रस्त्यावर असताना

ॲक्सिलेटरवरून पाय काढा. एसी बंद करा. इंडिकेटर देऊन डावीकडे या, कोणालाही ओव्हरटेक करू नका. बऱ्याचदा जोर कमी केला की लुकलुकणं थांबतं आणि दिवा नुसता लागून राहतो. असं झालं आणि गाडी फारशी थडथडत नसेल, तर चाळीसच्या आसपास, चढावर रेस न करता, जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत नेता येते. म्हणजे पुढचा फाटा, पेट्रोल पंप, ओळखीच्याचं घर. साठ किलोमीटरवरचं सर्व्हिस सेंटर नव्हे. पाय काढल्यावरही लुकलुकत असेल तर इंजिन बंद करून टोइंग बोलवा. सोबत तेलाचा लाल दिवा लागला किंवा तापमानाचा काटा वर गेला, तर एक मीटरही पुढे नेऊ नका.

समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगात असताना असं झालं तर गाडी डाव्या कडेच्या पट्ट्यात घ्या, चारही इंडिकेटर लावा आणि सगळ्यांना उतरवून लोखंडी कठड्याच्या पलीकडे उभं करा. गाडीत बसून फोन लावू नका. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा नंबर आहे. समृद्धी हा राज्याचा रस्ता, त्याच्या हेल्पलाइनचा नंबर निघण्याआधीच मोबाइलमध्ये घालून ठेवा.

आता आपल्या विदर्भातली एक गोष्ट. गाडी उभी कुठे करता हे बघा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन निघालेलं असतं, धुऱ्यावर (बांधावर) आणि रस्त्याच्या कडेला कुटाराचे, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाचे, ढीग असतात. उन्हाळ्यात वाळलेलं गवत, उपटून टाकलेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं). मिसिंग मारत आलेल्या गाडीचा कन्व्हर्टर खालून लालबुंद तापलेला असू शकतो आणि काही गाड्यांत तो जमिनीपासून वीतभरच वर असतो. कुटार पेटायला तेवढं पुरे. गाडी डांबरावर, मुरमावर किंवा उघड्या मातीवरच उभी करा.

बोनेट उघडण्याआधी विचारायचे प्रश्न

मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो. दिवा लुकलुकायच्या आदल्या दोन-तीन दिवसांत काय बदललं? गाडी धुतली का? पेट्रोल कुठून भरलं? सर्व्हिसिंग झाली का? बरेच दिवस उभी होती का? फक्त घाटात, चढावरच मिसिंग येतं का? अर्धं निदान या उत्तरांत मिळतं.

एका दसऱ्याची गोष्ट सांगतो. मामेभावाने सकाळी पूजेसाठी गाडी धुतली. विहिरीवरच्या मोटरचा पाइप लावला आणि बोनेट उघडून इंजिनही चकाचक केलं. हार घातला, वावरात नेली. दुपारी त्याचा फोन.

"दादा, गाडी मिसिंग मारून राहिली. दिवा चालू-बंद होऊन राहिला."

"उभी कुठं केली?"

"वावरातच. कुटाराच्या ढिगापाशी."

"आधी तिथून काढ. सुरू करू नको, दोघं-तिघं मिळून ढकल."

गाडी पांदणीवर आली, तासाभराने मी पोहोचलो. तोवर एका ओळखीच्याने फोनवर सांगून टाकलं होतं की चारही कॉईल आणि एक सेन्सर बदलावा लागेल, दहा-बारा हजार धरा. मी एकेक कॉईल वर ओढून पाहिली. पहिली कोरडी. दुसरी निघताना रबराच्या बूटमधून चुळूक असा आवाज आला आणि बुडाशी थेंब लोंबला. टॉर्च मारला तर प्लगच्या खड्ड्यात बोटभर पाणी, वर शाम्पूचा पांढरा फेस. करंट प्लगपर्यंत जाण्याऐवजी त्या पाण्यातून इंजिनच्या धातूत उतरत होता.

इथे घाई केली असती तर नुकसान झालं असतं. खड्ड्यात पाणी असताना प्लग खोलला की ते सगळं सरळ सिलेंडरमध्ये पडतं. म्हणून आधी मोठ्या सिरिंजला बारीक नळी लावून पाणी ओढून काढलं, मग काडीला सुती फडकं गुंडाळून खड्डा पुसला, शेवटी कॉईलचं रबर आतून पुसून अर्धा तास उन्हात ठेवलं. परत बसवल्यावर गाडी पहिल्या सेल्फला गुळगुळीत चालू झाली. खर्च शून्य. इंजिन ओल्या फडक्याने पुसा, पाइपाने धुऊ नका, एवढंच त्याला सांगितलं.

उंदीर हे आपल्याकडचं दुसरं मोठं कारण. पावसाळ्यात वावरातली बिळं भरली की ते घरांकडे येतात, आणि घरात कापूस भरून ठेवला असेल तर त्यांची चंगळच. बोनेटखाली ऊब मिळते. इंजिनवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून बघा. कापसाचे पुंजके, लेंड्या, शेंगांची टरफलं दिसली तर कॉईलच्या आणि इंजेक्टरच्या (पेट्रोल फवारणारा भाग) वायरी बोटाने चाचपत जा. कुरतडलेली वायर सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवून घ्या. नुसती पिळून काळी टेप लावली तर महिनाभरात तोच दिवा परत लुकलुकतो, आणि तेव्हा दोष वायरीत आहे हे कोणाला आठवत नाही.

तिसरं कारण पेट्रोल. गावात दुकानातून बाटलीने घेतलेल्या पेट्रोलमध्ये काय मिसळलंय ते डोळ्यांना दिसत नाही. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषतं; पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. पेट्रोलचा मोटर-पंप तळातूनच ओढतो. भरल्यापासून दोन-चार किलोमीटरमध्येच गाडी सगळ्या सिलेंडरवर मिसिंग मारायला लागली तर संशय इथेच घ्या. थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून सावलीत ठेवा. खाली वेगळा थर दिसला की टाकी रिकामी करून धुऊन घ्यावी लागते. वरून चांगलं पेट्रोल ओतून ते सुधारत नाही. पेट्रोल काढताना इंजिन थंड असू द्या, जवळपास बिडी-सिगारेट नको. पंपाची पावती जपून ठेवण्याची सवय लावा. पंपावर शंका आली तर फिल्टर पेपरवर थेंब टाकून तपासणी करून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे, पण भेसळीची ती ढोबळ चाचणी आहे, पाणी शोधायला बाटलीच बरी.

स्कॅनर लावा, पण कोड उडवू नका

स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वरच्या बाजूला, गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायचं सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. २०१३ नंतरच्या पेट्रोल गाडीत ते असणार असं धरायला हरकत नाही. त्यात बसणारा ब्लूटूथ ॲडॉप्टर, ज्याला ईएलएम ३२७ म्हणतात, ऑनलाइन साधारण हजाराच्या आत-बाहेर मिळतो. मोबाइलवर ॲप घ्यायचं, चावी फिरवायची, जोडायचं. चार घरांत मिळून एक घेतला तरी पुरतो.

पडद्यावर इंग्रजी पी आणि पुढे चार आकडे येतात, तो बिघाडाचा कोड. पी ०३०० म्हणजे मिसफायर कुठल्या एका सिलेंडरचा नाही. पेट्रोल खराब, हवेची गळती, पंपाचा दाब कमी, असं सगळ्यांना लागू पडणारं कारण शोधा. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलेंडर, पी ०३०२ दुसरा, असं पुढे. पी ०३५१ ते पी ०३५४ हे कॉईलच्या करंटचे; कॉईल किंवा तिची वायर. पी ०१७१ म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, फाटका पाइप शोधा. पहिला सिलेंडर कुठला? आडव्या बसवलेल्या बहुतेक इंजिनांत टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाचा.

कोड दिसला की आधी फोटो काढा. ॲपमध्ये फ्रीझ फ्रेम नावाची नोंद असते. बिघाड झाला तेव्हा वेग, इंजिनचे फेरे, तापमान किती होतं ते तिथे मिळतं, त्याचाही फोटो. फोटो होईपर्यंत कोड पुसू नका. बॅटरीची वायर दहा मिनिटं काढली की दिवा जातो, हा सल्ला गावोगाव मिळतो. दिवा जातो खरा, पण नोंदही त्याच्याबरोबर जाते आणि मिस्त्रीला पुन्हा अंधारात चाचपावं लागतं. मी हे खूप गाड्यांत पाहिलंय, म्हणून कळकळीने सांगतो.

कॉईलची अदलाबदल

समजा पी ०३०२ आला. लगेच नवी कॉईल घेऊ नका.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरच्या उन्हात याला तीन-चार तास लागतात, सकाळी केलेलं बरं. चावी काढून खिशात ठेवा. कॉईलच्या कनेक्टरची खिट्टी दाबून तो सरळ ओढा, वायरीला धरून नाही. आपल्या उन्हात हे प्लास्टिक कडक होऊन सहज तुटतं, तेव्हा धीराने घ्या. बऱ्याच गाड्यांत एक दहा नंबरचा बोल्ट असतो. तो काढला की कॉईल थोडी डावी-उजवी फिरवून वर ओढायची. दुसरी कॉईल तिसऱ्यावर, तिसरी दुसऱ्यावर लावा. प्लग जिथल्या तिथे. फोटो काढलेला आहेच, तेव्हा आता ॲपमधून कोड पुसा आणि गाडी जागेवरच दोन-तीन मिनिटं चालवून कोड परत बघा.

पी ०३०३ आला, तर दोष कॉईलबरोबर सरकला. तीच कॉईल खराब, तेवढी एकच बदला. पी ०३०२ च राहिला, तर कॉईल निर्दोष. आता तसेच दोन प्लग बदलून बघा. तरीही दुसऱ्यावरच राहिला तर इंजेक्टर, वायरिंग किंवा सिलेंडरच्या दाबाकडे वळायचं. जागेवर मिसिंग येतच नसेल, चढावरच येत असेल, तर परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना जसा जोर लागतो तसा थोडा जोर द्यावा लागतो. गावाबाहेरचा छोटा चढ बघा, आणि दिवा लुकलुकला की लगेच पाय काढा.

काम वीस मिनिटांचं, फुकटातलं. याच्याआधी कोणी "सगळे सेन्सर बदला" म्हणालं तर नम्रपणे थांबवा.

प्लग वाचता यायला हवा

गरम इंजिनमधून प्लग काढू नका, ॲल्युमिनियमचे आटे ओरबाडले जातात. खोलण्याआधी खड्ड्यातली धूळ फुंकून काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर त्या सिलेंडरची तब्येत चांगली. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे बहुधा ठिणगी पडतच नाही. तेलकट काळा म्हणजे इंजिनचं तेल आत उतरतंय. पांढराफटक, फोड आलेला म्हणजे सिलेंडर जास्त तापतोय. पांढऱ्या चिनीमातीवर केसासारखी काळी रेघ दिसली तर तो तडा असू शकतो, तो प्लग फेकायचा.

नवा प्लग पहिले काही आटे हातानेच फिरवा. अडकला तर परत काढून सरळ लावा, पान्याने रेटू नका. हाताने घट्ट झाल्यावर वॉशरवाल्या नव्या प्लगला पान्याने अर्ध्या फेऱ्याच्या थोडं पुढे एवढंच आवळावं लागतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. आटे गेले तर हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवण्यापर्यंत जाऊ शकतं. प्लगांच्या बाबतीत माझं मत असं की एक गेला तर पूर्ण सेट बदलावा, कारण सगळे सारखेच चाललेले असतात. कॉईलला हा नियम नाही. सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या गाडीत ठिणगीला जास्त ताकद लागते, तिथे प्लग आणि कॉईल लवकर थकतात.

याच्या पुढे मिस्त्री

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावली की चालत्या इंजिनात टिकटिक ऐकू येते. एखादा इंजेक्टर गप्प असेल तर तो किंवा त्याची वायर गेली. हे करताना ओढणी, गमछा, मोकळी बाही पंख्या-बेल्टपासून दूर. हवेचा पाइप फाटला असेल तर सूं असा आवाज येतो. कूलंट कमी होत असेल, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल किंवा तेल चहासारखं दुधाळ झालं असेल तर हेड गॅस्केट (हेडखालची सील) गेल्याचा संशय. मग स्वतः हात घालू नका. मिस्त्रीला "दिवा लागला" एवढंच न सांगता कोडचा फोटो दाखवा, कुठल्या कॉईल-प्लगची अदलाबदल केली ते सांगा आणि कम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरचा दाब, तपासायला सांगा. बदललेला जुना भाग मागून घ्या.

डिझेल गाडीत प्लगची ठिणगीच नसते, तेव्हा वरची कॉईलची गोष्ट तिला लागू नाही. काही डिझेल गाड्यांत वेटोळ्याचं चिन्ह लुकलुकतं, तेही बिघाडाचंच, पण त्याला थेट स्कॅनर लागतो. आणि चावीचं चिन्ह लुकलुकून गाडी सुरूच होत नसेल तर प्रकरण बहुधा चावीच्या चिपचं आहे, इंजिनचं नाही.

दुरुस्तीनंतर कोड पुसून वीस-तीस किलोमीटर चालवा, थोडी गावातून, थोडी डांबरी रस्त्यावर, मग पुन्हा स्कॅन करा. कोड पुसला नसेल तर बिघाड गेल्यावर सलग तीन चांगल्या फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. मिसफायरचा कोड गेला पण काही दिवसांनी पी ०४२० आला, तर कन्व्हर्टरला बहुधा मार बसलेला आहे. खालून सायलेन्सरवर मुठीने हलकं ठोकून बघा, गाडी थंड असताना. आत खुळखुळ वाजलं तर जाळीचे तुकडे पडलेत. वाजलं नाही आणि पिकअप नेहमीसारखा आहे, तर काही महिने कोडवर नजर ठेवत गाडी वापरायला हरकत नाही.